हरवलेली वेलांटी

गतवर्षी माघ महिन्यात आम्ही उभयता चिरंजिवांकडे अमेरिकेस गेलो. न्यू जर्सी राज्यातील एका लहानशा गावी त्यांचे बिऱ्हाड आहे. आम्ही पोहोचलो त्या रात्री बर्फ पडून गेले होते. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहतो तो शेजारच्या परसात एक विलक्षण आकृती उभी! पुरुषभर उंची, अंगाभोवती जुन्या गोधड्या, त्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरखंडाचे वेढे आणि मस्तकी एक पालथी बादली. आमचे कुटुंब क्षणभर दचकलेच. "अगबाई, ह्या बर्फात बुजगावणे कशाला?" असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. नऊ वर्षांचा नातू हसून म्हणाला, "आजी, ते नोन्नोंचे अंजीर आहे. थंडीत ते झोपते."

नोन्नो हा इटालियन शब्द आहे व त्याचा अर्थ आजोबा. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना गल्लीतील सर्व मुले ह्याच नावाने हाक मारतात. अंजीर हे दक्षिण इटलीच्या उन्हात वाढणारे झाड. न्यू यॉर्कच्या बाजूची थंडी त्यास सोसत नाही. म्हणून तिकडून आलेल्या लोकांनी शंभराहून अधिक वर्षे हा उद्योग चालविला आहे. हिवाळा तोंडावर आला की कोणी झाड असे गुंडाळून ठेवतात, तर कोणी एका बाजूची मुळे मोकळी करून ते चरात आडवे निजवितात व वर माती लोटतात. वसंत ऋतूत ते पुन्हा उभे करावयाचे. ज्या हवेत आपणास राहावयाचे, त्या हवेला न मानवणारे झाड पिढ्यान्‌पिढ्या जपत बसावे, हा आम्हास प्रथमदर्शनी निव्वळ वेडेपणा वाटला. सहा महिन्यांनी परतताना तसे वाटले नाही. हे मतांतर कसे घडले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

हे नोन्नो नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. काठी टेकतात, पण चालतात ताठ. आईबाप दोघेही दक्षिण इटलीतून आलेले. ह्यांचा जन्म मात्र न्यू यॉर्क शहरातील ईस्ट हार्लेम नावाच्या वस्तीत झाला. आमची सारी हयात मराठी व संस्कृत शिकविण्यात गेली. इंग्रजी जे आहे ते पुस्तकी. तरीही कुंपणाच्या दोन बाजूंस उभे राहून आमचा संवाद उत्तम जमू लागला. आम्ही ह्याचे आश्चर्य बोलून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, "ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्याशी बोलण्याची सवय मला तिसऱ्या वर्षापासून आहे. माझ्या आईला येत नव्हते."

परदेशी आलेल्या आईबापांचे मूल हे घरचे दुभाषी असते. घरमालकाकडे, कचेरीत, दवाखान्यात, सर्वत्र त्यास बरोबर न्यावे लागे. आठ वर्षांच्या मुलाने आईच्या पोटातले दुखणे परक्या डॉक्टरास समजावून द्यावयाचे, आणि डॉक्टरने सांगितलेले अशुभ आईस कोणत्या शब्दांत सांगावे हेही त्यानेच ठरवावयाचे! त्या घरांत वडिलांच्या शब्दापुढे शब्द नसे. जेवणाच्या पंगतीस बाप म्हणजे राजा. परंतु उंबरठ्याबाहेर पाऊल पडले की तोच राजा मुलाच्या तोंडाकडे पाही. अशा मुलास आईबापांविषयी माया वाटते व त्यांची लाजही वाटते; आणि त्या लाजेची लाज जन्मभर पुरते. हे नोन्नोंचेच म्हणणे आम्ही आमच्या शब्दांत मांडले आहे.

हे सर्व आम्ही प्रारंभी पाहुण्याच्या कुतूहलाने ऐकत होतो. पुढे एके दिवशी ते आमच्या घरात शिरले.

आमच्या नातवाचे नाव विष्णुसहस्रनामातले आहे. तेच आमच्या वडिलांचे नाव होते, म्हणून बारशाच्या वेळी आम्ही आग्रहाने ठेवविले. चार अक्षरे, त्यांत एक वेलांटी आणि शेवटी एक जोडाक्षर. फाल्गुनात एका दुपारी त्याचा एक सवंगडी दारात येऊन कोणा भलत्यालाच हाका मारू लागला. दोनच अक्षरांचे ते नाव ऐकून आम्ही सांगणार होतो की असा मुलगा येथे राहत नाही. इतक्यात नातू "आलो" म्हणून धावत गेला. सायंकाळी आम्ही त्यास जवळ बसवून विचारले, "हे नाव तुला कोणी ठेवले?" तो म्हणाला, "मीच. सगळ्यांना सोपे जाते." झाले! पूर्वजांची नावे, त्यांचा अर्थ, त्यांचे पावित्र्य ह्यांवर आम्ही अर्धा तास व्याख्यान दिले. मुलाने ते खाली मान घालून ऐकले. त्यानंतर चार दिवस तो आमच्याशी मराठीत एक शब्द बोलला नाही. जे विचारू त्याचे उत्तर इंग्रजीत, आणि तेही एका शब्दात.

चौथ्या दिवशी सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे, पण तो डबासुद्धा पुष्कळदा तसाच परत आणतो. पोळीभाजी पाहून मुले काहीबाही विचारतात. त्याला घरीही आपण बोललो, तर त्याने जावे कुठे?"

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी आम्ही ही हकीकत नोन्नोंना सांगितली. ते पुष्कळ वेळ हसले. मग म्हणाले, "माझी आई जाड पावात तळलेली मिरची आणि अंडे घालून देई. कागदाच्या पिशवीतून तेल बाहेर येई. इतर मुलांचा पाव पांढरा आणि पातळ. मी कोपऱ्यावर वळून, भिंतीकडे तोंड करून खात असे. तसे अन्न मी पुढे कधी खाल्ले नाही." एवढे बोलून ते घरात गेले व एक जुने पुस्तक घेऊन आले. ते त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे आत्मचरित्र होते.

लेनर्ड कोव्हेल्लो हे त्या मुख्याध्यापकांचे नाव. 'हृदय हाच शिक्षक' अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे ते पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही ते तीन आठवड्यांत वाचले. आणि एका मास्तराने दुसऱ्या मास्तराचे चरित्र वाचताना जे व्हावयाचे ते सर्व आमचे झाले.

इटलीच्या दक्षिणेस बासिलिकाता नावाचा डोंगराळ, दरिद्री प्रांत आहे. त्यातील आव्हिल्यानो गावी १८८७ साली ह्यांचा जन्म झाला. वडील आधी अमेरिकेस गेले होते. आई मुलांना घेऊन १८९६ साली त्यांच्यामागून ईस्ट हार्लेमला आली. मुलगा प्रथम ज्या धर्मादाय शाळेत गेला, तेथे दुपारी मुलांना सूप मिळे. म्हणून लोक त्या शाळेस सूपशाळाच म्हणत. एकदा शाळेने मुलांबरोबर ओटच्या भरड्याची पिशवी घरी पाठविली. बापाने ती उघडून पाहिली व तो संतापला. कारण त्याच्या गावी असले खाणे जनावरांपुढे टाकीत. ज्यांनी दिले त्यांच्या मते ते दान होते, ज्यास मिळाले त्याच्या मते तो अपमान होता, आणि दोहोंच्या मध्ये ती पिशवी उचलून आणणारे लहान मूल उभे होते. दोन संस्कृतींत वाढणे म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात आम्ही अन्यत्र वाचलेले नाही.

आता नावाची गोष्ट. मुलाचे खरे नाव लेओनार्दो कोव्हिएल्लो. पुढच्या शाळेतील शिक्षिकेस आडनाव उच्चारता येईना. तिच्या तोंडी दर वेळी 'कोव्हेल्लो' असेच येई. शेवटी तिने नोंदीतूनच ते एक अक्षर काढून टाकले. आपल्या लिपीत सांगावयाचे तर एक वेलांटी पुसली. प्रगतिपुस्तक घरी गेले. बापाने विचारले, आमच्या नावातले अक्षर कोठे गेले? मुलाने उत्तर दिले की असे सर्वांना सोपे जाते. आईचे म्हणणे पडले की माणसाची अब्रू त्याच्या नावात असते. ती वाटेल तेव्हा बदलण्याची वस्तू नव्हे. मुलास वाटले, ह्यांना अमेरिकेतले काही समजत नाही! पुढे मोठा विद्वान व नामांकित शिक्षक होऊनही ते जन्मभर कोव्हेल्लोच राहिले. ते अक्षर परत आले नाही.

हे प्रकरण आम्ही रात्री वाचले, आणि आम्हास झोप आली नाही. नातवाचे उत्तर अक्षरशः तेच होते, हे एक कारण. परंतु त्याहून मोठे कारण निराळे होते.

आमची पहिली नेमणूक तळकोकणातील एका खेड्यात झाली होती. वय बावीस, व्याकरणाचा अभिमान कंठापर्यंत. पहिल्या दिवशी एक माउली मुलाचे नाव घालावयास आली. तिने सांगितलेले नाव गावठी, तोंडात माती असल्यासारखे वाटणारे. आम्ही उदार मनाने त्याचे शुद्ध संस्कृत रूप करून पटावर चढविले व मोठ्याने वाचून दाखविले. ती गोंधळून म्हणाली, "ह्यां माज्या झिलाचां नांव न्हय, मास्तरांनू." आम्ही हसलो, आम्हास हसताना पाहून वर्गही हसला. ते नाव त्या मुलाच्या वारलेल्या आजोबांचे होते, हे आम्हास पुष्कळ दिवसांनी कळले. तो मुलगा वर्गात फारसा बोलत नसे. जे बोले त्यातील 'खयं' आणि 'व्हयो' आम्ही तत्परतेने सुधारीत असू, आणि शेवटी त्याने बोलणेच सोडले. चौथीनंतर तो शाळेत आला नाही. त्या अमेरिकन बाईंनी एक वेलांटी पुसली. आम्ही दोन अक्षरे चिकटविली. फरक एवढाच की त्या बाईंची गोष्ट पुस्तकात आली, आमची आली नाही.

दक्षिण इटलीतही थोरल्या मुलास त्याच्या आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे, असे नोन्नोंनी दुसऱ्या दिवशी सहज सांगितले. आम्ही काही बोललो नाही.

चैत्रात नोन्नोंनी अंजिराची वस्त्रे सोडविली. दोर सोडण्याचे काम नातवाकडे व गोधड्या झटकण्याचे आमच्याकडे आले. त्यानंतर वैशाखात चिरंजीव आम्हास न्यू यॉर्क बंदरातील एलिस बेटावर घेऊन गेले. १८९२ पासून १९५४ पर्यंत ह्या बेटावर परदेशांतून येणाऱ्यांची तपासणी होई. सुमारे १ कोटी २० लाख माणसे ह्या दारातून आत गेली. आता तेथे संग्रहालय आहे. १८८० ते १९२४ ह्या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेस आले आणि त्यांतील बहुतेक दक्षिणेकडचे, भूमिहीन किंवा अल्पभूधारक शेतकरी. पुष्कळांचा विचार पैसे मिळवून परत जाण्याचा होता व कित्येक गेलेही. १९२४ च्या कायद्याने इटालियनांची संख्या वर्षास चार हजारांच्याही खाली आणली. आपल्या लोकांस तर १९१७ च्या कायद्याने दार बंदच झाले होते; १९४६ साली ते उघडले तेही वर्षास शंभर माणसांपुरते. आमच्या चिरंजिवांसारखे लोक आज तेथे आहेत ते १९६५ च्या कायद्याने जुनी वाटणी मोडली म्हणून.

आमची समजूत अशी होती की परदेशी माणसांची नावे ह्याच बेटावरील कारकुनांनी मोडली. तसे नव्हे. तेथील अंमलदार जहाजावरून आलेल्या यादीतील नावाशी माणूस ताडून पाहत. नवी नावे देत नसत. मग नावे मोडली कोठे? कारखान्यांत, दुकानांत, आणि मोठ्या प्रमाणावर शाळांत. त्या प्रचंड दालनात हे ऐकताना आमची मान आपोआप खाली गेली.

आणखी एक गोष्ट आम्हास नवी होती. ज्यांना आपण इटालियन म्हणतो, ते घरून निघताना स्वतःस इटालियन म्हणवीत नव्हते. इटलीचे राज्य एक झाले ते १८६१ साली. आणि ज्या भाषेत दान्ते कवीने लिहिले ती बोलणारे त्या वेळी देशात फार थोडे. प्रत्येक प्रांताची बोली निराळी, इतकी की उत्तरेकडच्यास दक्षिणेकडच्याचे समजू नये. आपल्या गावच्या मनोऱ्यावरील घंटेचा नाद जेथवर पोहोचतो तेवढाच आपला देश, ही वृत्ती त्यांच्यात इतकी प्रबळ की तिला 'कांपानिलिस्मो' असे घंटेच्या मनोऱ्यावरून नावच पडले आहे. न्यू यॉर्कमध्येही एका गावची माणसे शक्यतो एका गल्लीत राहत. समुद्र ओलांडल्यावर लोकांनी त्यांना 'इटालियन' म्हणून हिणविले, तेव्हा कोठे ती सर्व इटालियन झाली. मुलांच्या जिभेवर तर तिसरेच मिश्रण तयार झाले. कामधंद्यास 'जोब्बा', मुकादमास 'बोस्सो', आणि घरामागील शौचकूपास 'बाकाउसा'. ही इंग्रजी शब्दांचीच इटालियन वस्त्रे नेसलेली रूपे. ह्या बाकाउसावर आम्ही फार हसलो. परंतु त्याच सायंकाळी सूनबाई "कार पार्क करून ग्रोसरी घेऊन येते" असे म्हणाल्या, आणि आमचे हसणे थांबले.

आषाढ महिन्यात आमचे खरे तीर्थाटन घडले. १६ जुलै हा ईस्ट हार्लेममधील माउंट कार्मेलच्या मातेचा उत्सवदिन. नोन्नो, चिरंजीव, नातू व आम्ही असे चौघे निघालो. एकशेसोळाव्या रस्त्यावर भुयारी गाडीतून वर आलो तेव्हा नोन्नोंनी दोन्ही बाजूंस पाहिले व म्हणाले, "येथे आता माझ्या वेळचे फारसे कोणी राहत नाही." खरेच होते. एकेकाळी ही अमेरिकेतील इटालियनांच्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक होती. आज दुकानांवरील पाट्या बहुधा स्पॅनिश. पोर्तो रिको बेटावरचे लोक आले, त्यांच्यामागून मेक्सिकोचे. मक्याच्या भाकरीचा खमंग वास सर्व रस्ताभर पसरला होता, व तो आम्हास परका वाटला नाही.

माउंट कार्मेलचे देऊळ एकशेपंधराव्या रस्त्यावर आहे. ते १८८४ साली इटालियन मजुरांनी दिवसाची कामे आटोपून आपल्या हातांनी बांधू लागले. परंतु उभे राहिल्यावर वरच्या गाभाऱ्यात पूजा चाले ती इतरांची. इटालियनांनी आपल्या मातेची उपासना कित्येक वर्षे तळघरात करावयाची, अशी वरिष्ठांची व्यवस्था होती. नोन्नो हे सांगताना रागावले नाहीत, पण बोटाने तळघराचे दार दाखविल्यावाचून राहिलेही नाहीत. देवाच्या घरीही तळघर असावे, ह्याचा आम्हास विषाद वाटला. आणि लगेच आठवले की आपल्या पंढरीचे दार सर्वांस उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले होते. गुरुजीही मास्तरच!

मिरवणूक निघाली. पूर्वी स्त्रिया अनवाणी चालत, पुरुषभर उंचीच्या मेणबत्त्या वाहत. ज्या अवयवास व्याधी तो मेणाचा करून मातेस अर्पण करीत. आपल्याकडे नवसाचे चांदीचे डोळे व पाय वाहतात, त्यांतलाच हा प्रकार. आज मिरवणुकीत इटालियन वृद्ध थोडे आणि हैतीचे कृष्णवर्णीय भाविक पुष्कळ होते. ते आपल्या भाषेत भजने म्हणत होते. तीच माता, तीच वाट, भाषा तिसरी. नोन्नो टोपी काढून उभे होते. आमच्या डोळ्यांपुढे वाळवंट आणि दिंड्या उभ्या राहिल्या.

उत्सवाच्या गर्दीतून बाहेर येऊन आम्ही एका बाकावर बसलो. नोन्नो आपण होऊन बोलू लागले. "लढाईच्या वेळी मी सहा वर्षांचा होतो. इटलीशी युद्ध सुरू झाले आणि आई शत्रूराष्ट्राची ठरली. तिच्याजवळ फोटो लावलेली नोंदणीची पुस्तिका असे. मोठा भाऊ मात्र अमेरिकेच्या सैन्यात!" नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे ६ लाख इटालियनांवर डिसेंबर १९४१ मध्ये हा शिक्का बसला, व तो १२ ऑक्टोबर १९४२ रोजी निघाला. त्या काळी हिटलर, तोजो व मुसोलिनी ह्यांची चित्रे घालून, शत्रूची भाषा बोलू नका, अमेरिकन बोला, अशी भित्तिपत्रके लागत. "मी ते चित्र पाहिले होते," नोन्नो म्हणाले. "एकदा बसमध्ये आई मला काही सांगत होती. नेहमीसारखेच, मोठ्याने. लोक पाहू लागले. मी तिला म्हणालो, गप्प बैस. ती गप्प बसली. त्यानंतर घराबाहेर ती माझ्याशी कधी तिच्या भाषेत बोलली नाही."

ते थांबले. मग म्हणाले, "मी माझ्या मुलांना ती भाषा शिकविली नाही. आता नात कॉलेजात पुस्तकातून इटालियन शिकते. ती आईच्या गावी जाऊन आली. म्हणाली, नोन्नो, तुमचे शब्द तेथल्या म्हाताऱ्यांना कळतात, माझे नाही."

लाजेची ही जखम थोरामोठ्यांसही चुकली नाही. ह्याच भागातून अमेरिकेच्या लोकसभेवर निवडून गेलेले व पुढे १९३४ ते १९४५ न्यू यॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला गार्डिया हे इटालियन पित्याचे व त्रिएस्त बंदराकडील ज्यू मातेचे पुत्र. बाप सैन्यातील बँडमास्तर, म्हणून बालपण दूर ॲरिझोनात गेले. तेथे एकदा माकड घेऊन पेटी वाजविणारा एक इटालियन भिकारी आला, आणि 'तूही त्यांतलाच, तुझे माकड कोठे?' अशा अर्थाने मुलांनी ह्यांची टर उडविली. ही आठवण त्यांनी आत्मचरित्रात नोंदली आहे. तरुणपणी १९०७ ते १९१० त्यांनी एलिस बेटावर दुभाष्याची नोकरी केली. महापौर झाल्यावर मात्र १९३६ पासून त्यांनी रस्त्यावरील पेटीवाल्यांचे परवानेच बंद केले. कारणे त्यांनी काहीही दिली असोत. आम्हास तर त्या हुकमाखाली ॲरिझोनातील दहा वर्षांच्या मुलाची सही दिसते.

शेवटी आम्ही नोन्नोंची शाळा पाहावयास गेलो. पूर्व नदीच्या काठी खांबांची भव्य इमारत आहे. १९४२ साली ती बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल म्हणून उघडली. १९८२ पासून तेथे विज्ञान व गणित ह्यांचे दुसरे विद्यालय आहे. फ्रँकलिन शाळा १९३४ मध्ये निघाली तेव्हापासून १९५६ पर्यंत कोव्हेल्लो तिचे मुख्याध्यापक होते. त्यांनी केले काय? आधी दुसऱ्या शाळेत शिक्षक असताना त्यांनी झगडून इटालियन भाषेस फ्रेंच व स्पॅनिशच्या बरोबरीचे स्थान मिळविण्याच्या कामी पुढाकार घेतला, व ते १९२२ साली शहराच्या शिक्षणमंडळाने दिले. मुख्याध्यापक झाल्यावर त्यांनी शाळेचे दार रात्रीही उघडे ठेवले, आणि मुलांच्या आईबापांस आत बोलाविले. त्यांचा सिद्धान्त साधा होता. मुलास शहाणे करताना त्यास आपल्या आईची लाज वाटावयास लावणारी शाळा, ती कितीही चांगले गणित शिकवो, मुलाचे नुकसान करते. आणि हा विचार त्यांनी केवळ इटालियनांपुरता ठेवला नाही. पोर्तो रिकोची मुले आली तेव्हा तीच वागणूक त्यांना; सेवानिवृत्तीनंतरही ते त्या लोकांच्या शिक्षणासाठी झटले. १९७२ साली, वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षी, ते दानिलो दोल्ची नावाच्या समाजसेवकाबरोबर काम करण्यासाठी सिसिली बेटावर गेले. तेथेच, मेस्सिना शहरी, १९८२ मध्ये त्यांचा अंत झाला. हरवलेल्या वेलांटीच्या शोधात मनुष्य किती दूर जातो पाहा!

परतीच्या गाडीत नातू आमच्या शेजारी बसला होता. बराच वेळ विचार करून त्याने विचारले, "आजोबा, नोन्नोंनी आईला सॉरी म्हटले का?" आम्ही म्हणालो, "त्यांनाच विचार." त्याने विचारले नाही, पण उतरताना नोन्नोंचा हात त्याने धरला. त्या रात्री आम्हीही त्याच्याजवळ बसलो व तळकोकणातील त्या मुलाची गोष्ट, काही न लपविता, सांगितली. व्याख्यान दिले नाही. तो म्हणाला, "मग तुम्ही त्याचे खरे नाव विसरलात?" आम्ही म्हणालो, "नाही," आणि ते नाव त्यास सांगितले. पंचेचाळीस वर्षांत ते आमच्या तोंडून प्रथमच निघाले.

वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज दूर देशी वाढत आहेत. 'मराठी बोल' असे दूरध्वनीवरून दटावणारे आजोबा आम्ही एकटेच नव्हे. श्रीकृष्णास देवकी आणि यशोदा अशा दोन माता होत्या. तो देवकीनंदनही झाला आणि यशोदेचा कान्हाही. कोणीही त्यास एकीचे नाव टाकावयास सांगितले नाही. आपल्या लेकरांच्या वाट्यासही दोन माता आल्या आहेत. यशोदेचा हेवा केल्याने देवकीचे दूध वाढत नाही. मुलास दटावून भाषा राहत नाही. तिची लाज न वाटली तर मात्र ती गोधडीत गुंडाळलेल्या झाडासारखी कितीही हिवाळे काढते.

श्रावणात आमचा निघण्याचा दिवस आला. अंजिराची पहिली फळे नुकतीच पिकली होती. नोन्नोंनी पाच-सहा काढून एका कागदाच्या पिशवीत दिली. पुरंदरच्या अंजिरांहून ती किंचित लहान, पण गोड. नातवाने आमच्या वहीत आठवण म्हणून आपले नाव देवनागरीत लिहून दिले. पुरते चार अक्षरांचे! आम्ही चष्मा लावून पाहिले. जोडाक्षर अचूक साधले होते, पण वेलांटी राहिली होती.

जन्मभराच्या सवयीने आमचा हात खिशातील तांबड्या पेन्सिलीकडे गेला. मग आम्ही तो मागे घेतला. त्याने जसे लिहिले होते तसे नाव आम्ही मोठ्याने वाचले. ते भलतेच काही ऐकून तो खदखदून हसला, आमच्या हातातून वही ओढून घेतली, आणि वेलांटी त्याने आपल्या हाताने दिली.